हातानं घातलेलं धुकं

देवासला माझी झोप मोडायची ती टेकडीवरच्या देवीच्या घंटेनं. आत्याचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि टेकडी गावाच्या मधोमध. म्हणजे गावात कुठंही उभं राहून मान वर केली की ती आहेच. गंधवानीला आमच्याकडे डोंगर काही कमी नव्हते, पण ते लांब होते, गावाकडे पाठ करून बसल्यासारखे. इथला डोंगर घरात डोकावायचा. परसात भांडी घासायला बसलं तरी अंगावर त्याची सावली. सुरुवातीचे काही महिने मला त्याची भीतीच वाटायची, हे आता सांगायला हरकत नाही. भाद्रपद सरत आला की सकाळी मात्र टेकडी नाहीशी व्हायची. वर घंटा वाजतेय, कुणीतरी पायऱ्या झाडतंय त्याचा खराट्याचा आवाज येतोय, आणि समोर नुसतं दुधाळ, काहीच नाही. आत्या सडा घालता घालता थांबायची, हातातला तांब्या खाली ठेवायची आणि त्या दुधाळाकडे बघून हात जोडायची. मी एकदा विचारलं, "दिसत तर नाही, मग नमस्कार कोणाला गं?" "मला नाही दिसत. तिला मी दिसतेय ना?" आत्या म्हणाली आणि पुन्हा सडा घालायला लागली.

मी तिच्याकडे आले होते चार दिवसांसाठी. बाबा गंधवानीच्या नाक्यावर नाकेदार होते, संस्थानं गेल्यावर त्यांच्या नोकरीचं काय होणार ते त्यांनाही माहीत नव्हतं. माझी शाळा धारला एका नातेवाइकांकडे राहून सहावीपर्यंत झाली, आणि त्यांची बदली झाली तशी ती तिथंच संपली. पुढं शिकायचंय का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं देव जाणे. घरी माझ्या पाठच्या तीन बहिणी. तेव्हा 'आत्याकडे चार दिवस जाऊन ये' म्हणून मला देवासच्या गाडीत बसवलं, त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. त्या दीड वर्षात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तरी मी एक भाकरी खाल्ली की पोट भरलं म्हणायची. आत्या दुसरी टाकायची, मी अर्धी परत ठेवायची. भुट्ट्याचा कीस केला की ती वाटी पुढं सरकवून म्हणायची, "वच्छे, खा. मोजायला मी बसलेली नाही." आणि मला वाटायचं, मोजत नाही हे सांगावं लागतंय म्हणजे मनात मोजदाद असणारच. माझा स्वभावच तसा. तो आजही गेलेला नाही. सून चहा विचारते तेव्हासुद्धा मी आधी विचारते, दूध पुरेल ना?

आत्याचे यजमान, आमचे आतोबा, फोटोग्राफर होते. त्यांचे वडील थोरल्या पातीच्या राजवाड्यात मशालजी होते. आतोबांनी मात्र लहानपणीच दरबारच्या फोटोग्राफराकडे राहून हा उद्योग शिकून घेतला. पाती म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. देवासची गादी फार मागं दोघा भावांत वाटली गेली, आणि एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कचेऱ्या झाल्या: थोरली पाती आणि धाकटी पाती. टेकडीवर देव्याही दोन. थोरली देवी आणि धाकटी देवी, सख्ख्या बहिणी. राजे गेले, तरी मी आले तेव्हा गावातलं म्हातारं माणूस पहिल्या ओळखीत विचारायचंच, "तुम्ही कोणत्या पातीकडचे?"

घराच्या पुढच्या खोलीत आतोबांचा स्टुडिओ होता. लाकडी तिपाईवर मोठा कॅमेरा, त्याच्यावर काळं फडकं, मागं रंगवलेला पडदा, त्यावर हंस. फिल्म नव्हती, काच होती. काचेवर मसाला लावलेला असायचा आणि त्यावर फोटो उमटायचा, उलटा: गोरं काळं दिसायचं, काळं पारदर्शक. ती काच कागदावर ठेवून उन्हात धरली की कागदावर खरा फोटो. पण मधे एक काम असायचं, आणि ते माझ्याकडे आलं होतं. स्थळांसाठी फोटो काढायला मुली यायच्या. कुणाच्या गालावर देवीचे वण, कुणाच्या डोळ्याखाली काळं. खिडकीशी एक उतरता मेज होता, त्यात काच बसवायची, खालून आरशानं उजेड वर घ्यायचा, आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं काचेवर बारीक बारीक टिंबं देत वण भरून टाकायचे. पेन्सिल लागली की फोटोत तिथं उजळ येतं. उलट, काही काळं करायचं असेल, भुवई रेखायची असेल, तर बारीक पात्यानं मसाला खरवडायचा. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाईननं पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. म्हणून आतोबांनी मला पातं बरंच उशिरा हातात दिलं, आणि दिलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बेटा, याला 'चुकलं' म्हणता येत नाही."

मला ते काम इतकं आवडायचं की आवडतं म्हणायचीही भीती वाटायची. मुली यायच्या घाबरून, फोटो बघून जायच्या हसत. त्यातल्या दोघींची लग्नं ठरली तेव्हा आत्यानं मला त्यांच्याकडचे पेढे आणून दिले, "हे तुझ्या पेन्सिलीचे." आणि नेमकं त्याच सुमारास बाबांचं पत्र आलं. दसऱ्यानंतर गावचे मुनीम इंदूरला खरेदीला येणार आहेत, परत जाताना वच्छीला त्यांच्यासोबत पाठवावी, तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा. आत्यानं पत्र वाचलं, आतोबांनी वाचलं, आणि ते कोनाड्यात देवाच्या पोथीखाली ठेवलं गेलं. मी ऐकत राहिले, कुणीतरी म्हणेल 'नको पाठवायला', पण दुपार झाली, दिवेलागण झाली, कुणी म्हणालं नाही. आतोबा मुळातच दिवसाला दहा वाक्यं बोलणारे, पण ते मला तेव्हा कसं सुचणार? मी ठरवलं, दसऱ्याच्या आत असं काहीतरी काम करून दाखवायचं की मला पाठवणं त्यांना परवडू नये.

त्याच आठवड्यात हैबतीबाबा टेकडीचा फोटो सांगून गेले. हैबतीबाबा म्हणजे थोरल्या पातीचे जुने चोपदार. राजे दरबारात आले की चांदीचा दंड घेऊन पुढं उभं राहायचं आणि ललकारी द्यायची, ही त्यांची नोकरी. उंच, वाळलेला माणूस, पण आवाज असा की स्टुडिओत साधं "पाणी द्या" म्हणाले तर पडद्यावरचे हंस उडावेत. त्यांचा मुलगा भुसावळला रेल्वेत होता, आणि म्हातारा-म्हातारी आता घर बंद करून कायमचे तिकडं निघाले होते. घट बसायच्या आत निघायचं होतं, कारण एकदा घरात घट बसले की दसऱ्यापर्यंत त्यांना उंबरा ओलांडून गाव सोडता येत नसे. जाताना टेकडीचा एक फोटो हवा, त्यांच्याच अंगणातून दिसते तशी. ते आले तेव्हा मी मागं कपडे वाळत घालत होते. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही. सगळा घोळ तिथं आहे.

आतोबा दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा खांद्यावर टाकून गेले आणि एक काच घेऊन आले. संध्याकाळपर्यंत ती धुऊन, वाळवून मेजावर ठेवली. "डाग बघून ठेव," एवढं म्हणाले, आणि नव्या काचा आणायला तीन दिवसांसाठी इंदूरला गेले. घरात त्या वेळी कोरी काच एकही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच उजेडात धरली. खाली हैबतीबाबांचं कौलारू घर, चिंचेचं झाड, दोरीवर धोतर, सगळं स्वच्छ. त्याच्यावर टेकडीचा पाय, थोडी झाडी. आणि वर धुकं. टेकडी अर्ध्यात संपलेली. देवळं नाहीत, पायऱ्या नाहीत, निशाणं नाहीत. म्हटलं, झालं. म्हातारा माणूस जन्मभराचं गाव सोडून चाललाय, देवीचा फोटो मागतोय, आणि त्यात देवीच नाही. आतोबांना घाई झाली असणार, धुकं हटायची वाट बघितली नसणार. आता हैबतीबाबा म्हणतील, हा कसला फोटो, आणि कोरी काच नाही. आणि मग मला ते सुचलं. इतकं छान सुचलं की मी उठून दोनदा पाणी प्याले. मुलीच्या चेहऱ्यावर नसलेली भुवई मी आणते, तर असलेली टेकडी का नाही आणता येणार?

दुपारी धुकं गेलेलं होतं, ऊन लख्ख. मी मेज दाराकडे ओढला, म्हणजे मान वर केली की टेकडी दिसेल. हैबतीबाबांचं घर आमच्यापासून चार घरं पलीकडे, तेव्हा टेकडी तीच, बाजू तीच. वर बघायची, काचेवर खरवडायची. उजवीकडे थोरलीची पांढरी भिंत, तिच्यावरचं निशाण. डावीकडे, जरा खाली, धाकटीचं. मधे टेकडीची कड, पायऱ्यांची ओळ. दोन दुपारी मी त्याला बसले. पातं इतकं हलकं चालवलं की आत्या म्हणाली, "श्वास तरी घे गं, नाहीतर तुझ्या बापाला काय सांगू." तिसऱ्या सकाळी मी स्वतःच कागद लावून काच उन्हात ठेवली आणि फोटो काढला. धुक्यातून टेकडी वर आली होती. माझ्या हातानं आणलेली टेकडी! आतोबा संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते. तोवर धीर निघेना, म्हणून फोटो घेऊन स्वयंपाकघरात गेले.

आत्या आंबाडी निवडत होती. तिनं ओला हात पदराला पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "सुरेख गं," म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "वच्छे, थोरली इकडं कशी?"

"इकडं म्हणजे?"

"ही बघ ना. थोरलीचं मोठं निशाण डावीकडे. आणि धाकटी उजवीकडे नेऊन बसवलीस. काय गं, बहिणींची घरंच बदललीस?"

मी दाराकडे धावले, टेकडीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. काचेच्या ज्या बाजूला मसाला असतो त्या बाजूनं बघितलं की उजवं ते डावं दिसतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज मी मुलींच्या नथी काचेवर उजव्या नाकपुडीत बघत होते, आणि कागदावर त्या डाव्या नाकपुडीत यायच्या. पण चेहरा काचेवरच समोर असतो, जिथं वण दिसेल तिथं भरायचा, उजवं-डावं बघावंच लागत नाही. इथं मी दाराबाहेर बघून जसंच्या तसं उतरवलं होतं. जितकं प्रामाणिकपणे उतरवलं तितकं चुकलं.

"काच उलटी ठेवून बघ की," आत्या म्हणाली. तीही आता घाबरली होती. मी काच पालथी करून दुसरा कागद लावला. उन्हात बसलो दोघी, पाळण्याशी बसावं तशा. फोटो आला. देव्या बरोबर जागी. पण चिंचेचं झाड पलीकडे गेलं, टेकडीचा उतार उलट्या बाजूला, आणि हैबतीबाबांचं घर शेजारच्या तेल्याच्या अंगणात जाऊन उभं. आत्यानं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडतेय, बघते तर हसतेय. "आता देव्या जागेवर, पण म्हातारा तेल्याकडे राहायला गेला," ती म्हणाली, आणि मी तिथंच उन्हात बसून रडायला लागले. ती हसायची थांबली. "उठ. ते आल्यावर मी सांगते." "नको. मी सांगीन," मी म्हटलं, आणि मग दिवसभर चुलीशी, विहिरीशी, अंगणात, काय आणि कसं सांगायचं तेच घोकत राहिले. मुनीम यायला दसरा तरी कशाला उजाडायला हवा, मला उद्याच पाठवतील, असं वाटत होतं.

आतोबा आले, हातपाय धुतले, जेवले. मी दोन्ही फोटो आणि काच त्यांच्यापुढं ठेवली आणि घोकलेलं एकही वाक्य न आठवून एवढंच म्हणाले, "मी खरवडलं." त्यांनी कंदील जवळ घेतला. बराच वेळ काच फिरवून बघितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांनी आजही तो कंदिलाच्या उजेडातला चेहरा मला दिसतो, पण त्यावर राग होता की काय होतं ते मात्र आठवत नाही.

"हात चांगला चाललाय," ते म्हणाले. मग, "पण त्यांना धुकंच हवं होतं. तसं सांगून गेले होते."

माझा चेहरा कसा झाला असेल तो झाला. म्हणजे चूक उलटं काढण्याची नव्हतीच. काढलं हीच चूक.

"दुसरी काच..." मी म्हटलं.

"इंदूरला मिळाल्या नाहीत. मुंबईहून यायच्यात. ते जातील तोवर नाही येणार." त्यांनी काच खाली ठेवली. "खरवडलेलं परत येत नाही. पण झाकता येईल. पेन्सिलीनं धुकं घाल वरून."

"धुकं कसं घालतात?"

"मला काय माहीत? मी कधी घातलं नाही," आतोबा म्हणाले. "रोज पहाटे त्यांच्या अंगणात जाऊन बघ. मग घाल."

अशी मी पितृपंधरवड्यात पाच सकाळी हैबतीबाबांच्या अंगणात गेले. पहिल्या दिवशी म्हणाले, "काय पोरी, काय पाहिजे?" मी म्हटलं, "आतोबांनी धुकं बघायला पाठवलंय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, वेड्यात काढावं की काय असं, आणि मग ओट्यावर जागा करून दिली. दूध घालायला आलेला गवळी म्हणाला, "बेन, कंई देखी री हे? कंई दिखे तो नी." हैबतीबाबा त्याला म्हणाले, "भिया, जे दिखता नहीं वही देख रही है. तू तेरा दूध नाप." आणि मला म्हणाले, "टेकडी सगळेच काढतात गं. जत्रेत चित्रं मिळतात, दोन्ही देव्या, दिवे, वाघ, सगळं. मला ती नको. सरकार उठायच्या आत मला वाड्याच्या दारात उभं राहावं लागायचं. घरातून निघताना टेकडी ही अशी. सुटून येईस्तोवर अंधार. उघडी टेकडी मी बघितली ती नोकरी सुटल्यावर. ती चांगली आहे, पण ती माझ्या ओळखीची नाही." आतून म्हातारी ओरडली, "देवीला ओळखीची नाही म्हणतात! जिभेला हाड?" "देवीला नाही, टेकडीला म्हटलं!" बाबांनी ललकारीच दिली, आणि चिंचेवरचे कावळे उडाले.

मला वाटायचं, धुकं म्हणजे पांढरं पांघरूण. तसं नसतं. ते वरून पडत नाही, उतारावरच्या झाडीतून वर येतं. जिथं पाणी उतरायची नळी आहे, तिथं दाट, टेकडीच्या खांद्यावर विरळ. आणि त्याला कड नसते. कुठं संपलं ते बघायला जावं तर ते तिथं संपलेलं नसतं. हे सगळं बघून घरी यायचं आणि मेजाशी बसायचं. पहिलं धुकं घातलं, फोटो काढला. आतोबा म्हणाले, "कापूस पिंजून ठेवलाय." पुसून टाकलं. दुसरं घातलं. "हं. आता चुलीचा धूर आहे." तेही पुसलं. एका जागी माझं पातं फार खोल गेलं होतं, थोरलीच्या निशाणापाशी, तिथं पेन्सिल धरेचना. तिथं पेन्सिल धरावी म्हणून आतोबांनी स्वतः राळेचा हात दिला आणि मग पुन्हा मला बसवलं. पेन्सिलीचं टोक एवढं बारीक की दोन टिंबांनंतर घासावं लागे. माझ्या मानेची एक शीर तेव्हा धरली, ती अजूनही थंडीत आठवण देते. नातू परवा मोबाईलवर डोंगराचा फोटो दाखवत होता. बोट फिरवलं की धुकं येतं, बोट फिरवलं की जातं. "आजी, देखो," म्हणाला. बघितलं मी. छान होतं. कडा मात्र त्यालाही जमल्या नव्हत्या.

तिसरा फोटो आतोबांनी बघितला. त्यांनी पुठ्ठा कापायला घेतला, तेव्हा मला कळलं की हा चिकटवायचा.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी हैबतीबाबा फोटो न्यायला आले. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी पितरांचं पान झालं की निघायचं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि दारात उजेडाला जाऊन उभे राहिले. मी मेजाशी होते, आतोबा काचेची पेटी पुसत होते. बाबा फार वेळ बघत होते. मग त्यांनी फोटो कपाळाला लावला. तेवढं मला बघवलं नाही. माणूस फोटो नुसता पैशानं नेत नाही, विश्वासानं नेतो. आणि हा तर कपाळाला लावतोय. मी उठले.

"बाबा, ह्यातलं सगळं धुकं खरं नाही."

"म्हंजे?"

"मी त्यात देवळं काढली होती. पात्यानं. मला माहीत नव्हतं, तुम्हाला धुकं हवंय ते. आणि ती पण उलटी काढली. मग वरून धुकं घातलं पेन्सिलीनं. म्हणून आले होते बघायला."

आतोबांचा हात पेटीवर थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"उलटी म्हंजे कशी?"

"थोरली धाकटीच्या जागी. आणि धाकटी थोरलीच्या."

हैबतीबाबांचे डोळे मोठे झाले. "आयला!" ते म्हणाले. "दोन राजांना जे जमलं नाही ते तू करून ठेवलंस की!" आणि मग फोटो माझ्यापुढं धरला. "कुठं आहेत? दाखव. झाकलेली थोरली कुठंय?"

मी पांढऱ्यावर बोट ठेवलं, कागदाला न लागेल असं.

"आणि धाकटी?"

दुसरीकडे ठेवलं.

"आणि खऱ्या कुठं? ज्या दिसत नाहीत त्या?"

मी बोटं बदलली. उजवीकडे थोरली. डावीकडे, जरा खाली, धाकटी.

"बरोबर," ते म्हणाले. मनाशी काहीतरी मोजल्यासारखं केलं. "म्हंजे थोरल्या दोन आणि धाकट्या दोन. भुसावळला एवढ्या पुरतात." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येतो हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "म्हातारीला सांगू नको. चार नारळ मागेल." त्यांनी फोटो उपरण्यात गुंडाळला, आतोबांना मुजरा केल्यासारखा हात केला आणि गेले. मला ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. आता ऐकून घ्यायचं, म्हणून मी मेजाशी उभीच राहिले. गिऱ्हाइकासमोर घरातली चूक सांगितली होती, आणि तीही न विचारता. आतोबा म्हणाले, "मी नव्हतो सांगणार." पेटी बाजूला ठेवून म्हणाले, "पण बरं केलंस. बेटा, कार्ड आण. कोनाड्यात आहे."

मी पोस्टकार्ड आणि दौत आणली. त्यांनी ते माझ्याचपुढं सरकवलं. "बापाला लिही. तुझ्या हातानं. दसऱ्याला येत नाही म्हणून."

मी बसले आणि लिहिलं. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. आपले पत्र पोचले. माझ्याने आपल्या आज्ञेप्रमाणे येणे होत नाही याची क्षमा असावी. आत्या व आतोबा यांच्यावर माझा भार आहे हे मी जाणून आहे, तरी त्यांच्या मोठेपणामुळे... असं कार्ड भरून, मागच्या बाजूलाही, पत्त्याच्या कडेनं. आतोबांनी ते खिडकीशी नेऊन सगळं वाचलं. आत्याही येऊन त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागली. "हे काय?" ते म्हणाले. "कोणाची माफी मागतोय आपण?" आणि त्यांनी कार्ड फाडलं. एक अख्खं कार्ड! आत्यानं दुसरं आणून ठेवलं, आणि म्हणाली, "लिही, ती इथं कामाला लागलीय. तिला वेळ झाला की येऊन जाईल. आणि मुनिमाबरोबर मक्याचं पीठ पाठव म्हणावं, इथलं बरं नाही." मी तेवढंच लिहिलं. चार ओळी झाल्या, बाकी कार्ड कोरं. मला ते कोरं राहिलेलं बघवत नव्हतं, पण लेखणी पुन्हा हातात घ्यायचा धीर झाला नाही.

टपालपेटी चौकात होती. कार्ड टाकायला मी एकटीच गेले. आत टाकलं, दोन पावलं चालले, परत फिरले. कडेला कुठं अडकलं असेल तर? मी फटीतून बोटं घालून पाहिली, मग पेटीवर दोनदा थापटलं. आत काहीतरी सरकून खाली पडल्याचा आवाज आला.